खिडकी उघडी असावी

मी सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होतो. तालुक्याच्या गावी, दाखले देण्याच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचो. आज धर्म आणि शासन यांच्या नात्याविषयी बोलायचं आहे. मी घटनातज्ज्ञ नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा एक मुसलमान माणूस आहे. तेव्हा मला माहीत असलेल्या जागेपासून, म्हणजे त्या खिडकीपासूनच सुरुवात करतो.

आमच्या कचेरीत दर श्रावणात सत्यनारायणाची पूजा असे. आठ दिवस आधी वर्गणीची यादी फिरायची. मीही पन्नास रुपये द्यायचो. पूजेच्या दिवशी मोठ्या टेबलाजवळची कपाटं सरकवून चौरंग मांडला जाई, केळीचे खुंट बांधले जात, साहेब सपत्नीक पूजेला बसत. शिऱ्याचा तुपकट वास रेकॉर्डच्या खोलीपर्यंत जायचा. आणि खिडकीवर पुठ्ठा लागायचा, ‘पूजेनिमित्त कामकाज तीन वाजल्यानंतर’.

अशाच एका पूजेच्या दिवशी खिडकीशी एक म्हातारी बाई उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात तुळशीची माळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. निराधार योजनेच्या अर्जासाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता. गावाकडची शेवटची एस. टी. चारला सुटायची. कथा लांबली. तीनचे साडेतीन झाले. शिपाई द्रोणात शिरा घेऊन तिच्याकडे गेला, तर ती म्हणाली, ‘‘मला शिरा नको बाबा, दाखला पाहिजे. पूजा माझ्या घरीबी असती पुनवेला. मी हितं पूजेला नाही आले.’’

मी तिला सांगितलं, ‘‘मावशी, आता सोमवारी या.’’ ती गेली.

त्या बाईचं वाक्य मी अनेक वर्षं मनात वागवलं आहे. धर्म आणि शासन यांच्यात अंतर का असावं, यावर मी पुष्कळ लेख वाचले, व्याख्यानं ऐकली. तिच्या इतकं थोडक्यात कोणी सांगितलेलं मला आठवत नाही. ती नास्तिक नव्हती. देवावर तिचा राग नव्हता. देव घरी आहे आणि कचेरीत दाखला आहे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आता माझ्याविषयी. मी त्या पूजेला कधी विरोध केला नाही. शिरा घ्यायचो, हसायचो, ‘छान झालाय’ म्हणायचो. शिरा खरोखरच छान असे. पण खरं कारण ते नव्हतं. ‘याला आपलं चालत नाही’ असं कोणी म्हणू नये, ही भीती होती. एक बौद्ध सहकारी मात्र पूजेच्या दिवशी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन फायली लावत बसायचे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांच्या घरी भिंतीवर लावलेल्या होत्या. ते वर्गणी देत नसत, भांडतही नसत.

पुढे एक नवे साहेब आले. उमद्या मनाचे गृहस्थ. त्यांना वाटलं, पूजा होते तर मुसलमान कर्मचाऱ्यांसाठीही काही व्हावं. म्हणून रमजानमध्ये कचेरीत इफ्तार ठरला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! खजूर मी स्वतः आणले, फळं चिरायला चारजणांना बसवलं. दुसऱ्या दिवशी ते बौद्ध सहकारी मला म्हणाले, ‘‘पूजेच्या दिवशी खिडकी बंद, इफ्तारच्या दिवशी चारपासून खिडकी बंद. उद्या माझ्या समाधानासाठी बुद्धवंदना ठेवाल, तेव्हाही बंद. मग माणसानं दाखला घ्यायला यायचं कधी?’’

मला उत्तर देता आलं नाही. कारण पूजेच्या वेळी जी गोष्ट मला खटकत होती, तीच माझ्या वाट्याला आल्यावर मला गोड लागली होती. धर्मनिरपेक्षतेची खरी परीक्षा इथेच असते. दुसऱ्याच्या धर्माला सरकारनं जवळ केलं की आपल्याला घटना आठवते. आपल्या धर्माला जवळ केलं की आपण म्हणतो, साहेब फार चांगले आहेत.

हा प्रश्न आपल्या देशापुढे अगदी सुरुवातीलाच आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालली होती. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद होते. हरि विष्णू कामथ यांनी दुरुस्ती सुचवली, की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी. कामथ हे स्वातंत्र्यासाठी आय. सी. एस.ची नोकरी सोडलेले गृहस्थ. त्यांच्या हेतूविषयी कोणाला शंका नव्हती. विरोधाला उभे राहिलेले लोकही देव न मानणारे नव्हते. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै यांचं म्हणणं असं, की मी स्वतः श्रद्धावान असलो, तरी असं लिहिणं म्हणजे श्रद्धेची सक्ती होईल. पंडित हृदयनाथ कुंझरू यांना वाटत होतं, की आपल्या अंतःकरणातली सर्वांत पवित्र भावना इतरांवर लादणं त्या भावनेलाच शोभत नाही. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामथांना विनवलं, की ईश्वरावर मतदान करण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका.

कामथांनी दुरुस्ती मागे घेतली नाही. मतदान झालं. बाजूनं ४१, विरोधात ६८. ईश्वराचं नाव उद्देशिकेत आलं नाही. ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच तिची सुरुवात राहिली.

हे मतदान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चरकलो. ईश्वर हरला, असंच क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, की फाळणी होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. शेजारी धर्माच्या नावानं राष्ट्र उभं राहिलं होतं. गांधीजींचा खून होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. अशा वेळी त्या सभागृहात बसलेल्या बहुतेक श्रद्धाळू माणसांनी ठरवलं, की माझा देव मी राज्याच्या कागदावर लिहिणार नाही, कारण त्या कागदावर माझ्या शेजाऱ्याचंही नाव आहे.

देवाला त्यांनी घटनेबाहेर काढलं, असंही नाही. तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या, खासदार-आमदारांच्या शपथांचे नमुने आहेत. त्यात दोन पर्याय आहेत. ज्याला हवं त्यानं ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, ज्याला नको त्यानं गांभीर्यपूर्वक दृढकथन करावं. पुढचा मजकूर दोघांनाही एकच. मला हे दोन पर्याय फार आवडतात. देव मानायचा की नाही, हे बोलणारा ठरवतो. संविधानाशी निष्ठा ठेवायची की नाही, हे मात्र त्यानं ठरवायचं नाही.

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं. हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे, आपल्या मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’. काही लोक त्याचा अर्थ ‘निधर्मी’ असा करतात, आणि मग भांडण सुरू होतं. कवीला शब्द फोडून बघायची खोड असते. निरपेक्ष म्हणजे ज्याला अपेक्षा नाही तो. निरपेक्ष प्रेम म्हणतो आपण, निरपेक्ष सेवा म्हणतो. त्यात प्रेम नाही किंवा सेवा नाही असा अर्थ कोणी काढत नाही. धर्मनिरपेक्ष शासन म्हणजे माझ्या धर्माकडून ज्याला काही नको आहे असं शासन. त्याला माझ्या मौलवीचा आशीर्वाद नको, महाराजांचा अंगारा नको, आमच्या मोहल्ल्याची एकगठ्ठा मतं नकोत. आणि उलट बाजूनं, माझ्या धर्मालाही शासनाकडून काही नको. ही दुसरी बाजू आपण विसरतो, आणि तीच अवघड आहे.

ती किती अवघड आहे, हे मी घरातच पाहिलं. माझे अब्बा शिंपीकाम करायचे. बाजारपेठेत दहा फुटांचं दुकान. आयुष्यभर पैसा पैसा साठवून त्यांनी हजचा अर्ज भरला, सोडतीत नंबर लागला आणि जानेवारी २००६च्या हजला ते अम्माला घेऊन गेले. जाण्याआधी चहाच्या टपरीवर त्यांना कोणीतरी सहज म्हणालं, ‘‘मास्तर, आमच्या करातून चाललाय म्हणा की!’’ अब्बा घरी आले आणि मला विचारलं, ‘‘हे खरं आहे का?’’

खरं होतं. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांच्या विमानभाड्यात सरकार अनुदान देत असे. पैसा यात्रेकरूच्या हातात येत नसे, विमान कंपनीला मिळे. मी वकिली केली. म्हटलं, ‘‘अब्बा, कुंभमेळ्यालाही सरकार खर्च करतं. मिळतंय ते घ्यावं.’’ अब्बांनी विचारलं, ‘‘किती मिळतंय? आकडा सांग. मी भरून टाकतो.’’ असा आकडा भरून घेणारी खिडकी कुठे नव्हती. ज्याच्या अंगी ऐपत असेल त्याच्यावरच हज फर्ज आहे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. कर्ज डोक्यावर ठेवून जाऊ नये, हेही ठाऊक होतं. ते गेले, पण मनात एक गाठ घेऊन गेले. परत आल्यावर धाकट्या भावानं दुकानाच्या पाटीवर नावाआधी ‘हाजी’ लिहून घ्यायचं ठरवलं. अब्बांनी लिहू दिलं नाही. म्हणाले, ‘‘हिशेब पुरा होऊ दे.’’ २०११ साली ते वारले. पाटी तशीच आहे.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात हे अनुदान घटनाबाह्य नाही, असं म्हटलं होतं. पण ८ मे २०१२ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठानं सांगितलं, की हे अनुदान दहा वर्षांत क्रमानं बंद करा. तो पैसा समाजाच्या शिक्षणासाठी वापरला तर अधिक बरं. आपल्या हजमध्ये सरकारचा एवढा पैसा आहे हे कळलं तर पुष्कळ यात्रेकरूंना संकोच वाटेल, असंही न्यायालयानं नोंदवलं. ते वाचताना मला अब्बा दिसले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं अनुदान बंद केल्याचं जाहीर केलं. आमच्या मोहल्ल्यात कोणी रडलं नाही.

मग कुंभमेळ्याचं काय, हा माझाच प्रश्न उरतो. त्याचं उत्तर मला दोन दुर्घटनांनी दिलं. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, सुमारे तीनशे माणसं गेली. त्यानंतर वर्षभरात, १२ जानेवारी २००६ रोजी, मक्केजवळ मिना इथं चेंगराचेंगरीत साडेतीनशेच्या आसपास हाजी गेले. अब्बा-अम्मा त्या दिवशी तिथेच होते. दोन दिवस फोन लागला नाही. त्या दोन दिवसांत मला पक्कं कळलं, की जिथं लाखो माणसं जमतात तिथं रस्ता, पाणी, संडास, दवाखाना, पोलीस हे सरकारनं दिलंच पाहिजे. काळूबाईच्या भक्तांनाही, हाजींनाही, क्रिकेट बघायला आलेल्यांनाही. गर्दीची काळजी हे सरकारचं काम आहे. पुण्याची काळजी ज्याची त्यानं करावी.

घटनेचा सत्ताविसावा अनुच्छेद ही सीमा करापुरती आखतो. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच ज्याचं उत्पन्न खर्चायचं आहे असा कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. आणि आठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही.

व्यवहारात सीमा नेहमीच इतकी स्वच्छ नसते. सोमनाथचं मंदिर पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा गांधीजींनी आग्रह धरला, की खर्च सरकारी तिजोरीतून नको, लोकवर्गणीतून व्हावा, आणि सरदार पटेलांनी तो मानला. पण १९५१ मध्ये प्राणप्रतिष्ठेला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी जावं की नाही, यावर त्यांच्यात आणि नेहरूंच्यात मतभेद झाला. राष्ट्रपती गेले. दोघेही थोर, दोघेही प्रामाणिक. आपल्याकडे आषाढीला पहाटे मुख्यमंत्री पंढरपुरात विठ्ठलाची महापूजा करतात आणि रांगेतल्या एका वारकरी दांपत्याला शेजारी उभं राहण्याचा मान मिळतो. ते चित्र मला आवडतं, हे मी मोकळेपणानं सांगतो. पण मला आवडतं म्हणून प्रश्न मिटत नाही.

शासनानं धर्माच्या पुढाऱ्यांचं ऐकायचं ठरवलं, की किंमत कोण मोजतं? इंदूरच्या शाहबानो बेगमचं प्रकरण घ्या. साठी उलटलेल्या या बाईला वकील असलेल्या नवऱ्यानं १९७८ साली तलाक दिला. उच्च न्यायालयानं पोटगी ठरवली ती महिना १७९ रुपये २० पैसे. नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी हरला. मग देशभर मोर्चे निघाले, धर्म संकटात असल्याची भाषणं झाली. मी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो, आणि एका मोर्चात घोषणाही दिल्या होत्या. संध्याकाळी अब्बा पेपर मोठ्यानं वाचत. अम्मा भाकरी थापता थापता एकच विचारायची, ‘‘त्या बाईला पैसे मिळाले का?’’

दडपण इतकं वाढलं, की शाहबानोनं स्वतःच आपला दावा सोडला. १९८६ मध्ये सरकारनं निकालाचा परिणाम पुसणारा कायदा संसदेत मंजूर करून घेतला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येत वादग्रस्त वास्तूचं कुलूप न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं गेलं, आणि सरकार दोन्ही बाजूंना खूश करत आहे अशी टीका झाली. एकाला एक दिलं, दुसऱ्याला दुसरं. आमच्या कचेरीतली पूजा आणि इफ्तार आठवतात का? तोच हिशेब, फक्त देशाच्या आकाराचा. त्यानंतर सहा वर्षांत काय काय झालं, ते मुंबईनं आणि देशानं सोसलं आहे. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्याचा अर्थ बाईच्या बाजूनं लावला, आणि १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट सांगितलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही इतर स्त्रियांप्रमाणे पोटगी मागता येईल. अम्माच्या प्रश्नाचं उत्तर यायला एकोणचाळीस वर्षं लागली.

इथे कोणी विचारील, की मग शासनानं धर्मापासून हात झटकून दूर उभं राहायचं का? नाही. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, ते विठ्ठलाच्या दारी अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना प्रवेश मिळावा म्हणून. पुढे घटनेनं हिंदूंच्या सार्वजनिक मंदिरांची दारं सर्व जातींना खुली करणारे कायदे करण्याचा अधिकार शासनाला दिला. १९६६ साली हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधान भवनावर गेले, ते तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधात. हेही धर्मात शासनाला बोलावणंच होतं. फरक एवढाच, की इथे हाक देणारा पुढारी नव्हता, दाराबाहेर ठेवलेला माणूस होता. शासनानं त्याच्यासाठी जरूर यावं. आणि येताना सगळ्यांच्या घरी एकाच मापानं यावं. माझ्या घरी सुधारणेचा दंडुका आणि शेजारी हार-तुरे, किंवा याच्या उलट, असं झालं की ती सुधारणा राहत नाही.

श्रोतेहो, मी नमाज पढतो. रोजे धरतो. मला माझा धर्म प्रिय आहे, आणि म्हणूनच तो सरकारच्या हाती द्यायला मी तयार नाही. सरकारं बदलतात. आज माझ्या देवाला हार घालणारा उद्या माझ्या देवाचे अर्थही मला सांगू लागेल.

ती म्हातारी सोमवारी पुन्हा आली. मी तिचा दाखला आधीच तयार ठेवला होता. तिनं तो नीट घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. मग पदराची गाठ सोडून कागदाची एक पुडी काढली. ‘‘पुनवेच्या पूजेचा प्रसाद हाय. खाशील का? का तुमच्यात चालत नाही?’’ माझी जात-धर्म तिला खिडकीवरच्या नावाच्या पाटीवरून कळला होता.

मी खिडकीतून हात बाहेर काढला. पंचखाद्य होतं. खोबरं जरा खवट लागलं. कचेरीतला शिरा मी इतकी वर्षं भीतीपोटी खाल्ला होता. हा मी मनापासून खाल्ला. तिच्या मागे रांगेत बारा-पंधरा माणसं उभी होती, आणि खिडकी उघडी होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)